बोर्डानं ‘नाना’ लिहिलंय, आता काय?
माजी सैनिकांचे प्रश्न, या महिन्याची पत्रं

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं हातापायाच्या मुंग्यांचीच आहेत. कुणाचे तळपाय जळतात, कुणाला शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, हे फौजेतल्या केमिकलमुळं झालं असं म्हणून पेन्शन मिळेल काय. मी डॉक्टर नव्हे की वकील नव्हे, फौजेत क्लार्क होतो, त्यामुळं कागद कुठं अडतो तेवढं मला कळतं. दुखण्याबद्दल जे खाली लिहिलंय ते बेळगावातल्या एका न्यूरॉलॉजिस्ट मित्राला वाचून दाखवूनच छापायला दिलंय.

आधी एक माझीच चूक. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की २० टक्के डिसॅबिलिटी असली की राउंड ऑफ होऊन ५० टक्के मिळतात. बऱ्याच जणांनी ते वाचून बँकेत जाऊन विचारलं म्हणे. राउंड ऑफ होतं हे खरं, पण आजार नोकरीमुळं झाला किंवा नोकरीमुळं वाढला असं आधी ठरलं तरच. सुटताना तपासणाऱ्या मेडिकल बोर्डानं ‘नाना’, म्हणजे आजाराचा नोकरीशी संबंध नाही, असं लिहिलं असेल तर २० काय आणि ८० काय, हातात काहीच नाही. हे मी लिहायला पाहिजे होतं, राहिलं.

प्रश्न : साहेब जय हिंद. मी ईएमईमधनं, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमधनं, २०१९ ला नायक म्हणून २२ वर्षं करून पेन्शन आलो. एमटी वर्कशॉपला होतो, पहिली चार वर्षं बॅटरी चार्जिंग रूममध्ये आणि शेवटची सात वर्षं पेंट शॉपला, बंद शेडमध्ये गाड्यांना स्प्रे मारायचं, तोंडाला रुमाल बांधायचा आणि संध्याकाळी हात थिनरनंच धुवायचे. २०१७ पासून तळपाय जळतात, रात्री अंगावरची चादर पायाला लागलेली सहन होत नाही आणि चप्पल पायातनं निसटली तरी कळत नाही. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये एनसीव्ही, म्हणजे नसांचा वेग बघायची टेस्ट केली, पेरिफेरल न्यूरोपथी म्हणजे हातापायाच्या नसांचा आजार निघाला, लो मेडिकल कॅटेगरी केली. सुटताना बोर्डानं २० टक्के फॉर लाइफ दिलं पण नाना लिहिलं, क्लेम रिजेक्ट झाला. घरी जायची घाई होती, अपील केलं नाही. आता बॅटरीच्या शिशामुळं झालं असं लिहून क्लेम करू काय? — एक माजी नायक, कडोली

उत्तर : नायकसाहेब, शिसं लिहू नका. थांबा, कारण सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी नाना. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला मोठा माणूस, बोर्डाच्या कागदावर मात्र ते ‘नायदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रव्हेटेड’ याचं शॉर्ट, म्हणजे आजार नोकरीमुळं झाला पण नाही आणि नोकरीमुळं वाढला पण नाही. या दोन अक्षरांवर तुमची सगळी केस अडलीय, पाय किती जळतात त्यावर नाही.

आता शिशाचं. शिशानं नसा बिघडतात हे खरंच आहे, पण मोठ्या माणसात ते जास्त करून ताकदीच्या नसांवर जातं, मनगट लुळं पडतं, हात वर उचलला तर पंजा खाली लोंबतो. तुमचं तसं नाही, तुमचं पायाच्या बोटांपासून सुरू झालं, जळजळ आणि बधिरपणा. शिवाय रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, उरलेलं हाडात जाऊन बसतं, म्हणजे बॅटरी रूम सोडून इतकी वर्षं झाल्यावर आज रक्त तपासलं तर रिपोर्टमध्ये बहुतेक काही सापडणार नाही आणि तो नॉर्मल रिपोर्ट तुमच्याच विरोधात फाइलला लागेल. तुमच्या पत्रात खरा मुद्दा दुसरा आहे आणि तो तुम्ही एका वाक्यात उरकलात, हात थिनरनं धुवायचे. थिनर, गोंद, ग्रीस काढायचं पाणी यातल्या काही मालात एन-हेक्सेन असतं, ते श्वासातनं आणि कातडीतनं आत जातं, शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते लांब नसांना आधी धरतं म्हणून पायाची बोटं पहिली, हात मागनं. चपला-बुटांच्या कारखान्यातल्या गोंद लावणाऱ्या कामगारांत हे जगभर सापडलंय. तुमचा त्रास पेंट शॉपला असतानाच सुरू झाला, एनसीव्ही नोकरीत असतानाच झाली आणि कॅटेगरी पण नोकरीतच लागली. या तीन तारखा तुमच्या बाजूनं आहेत, त्या सोडून शिशाच्या मागं कशाला लागता.

आता जरा कडू बोलतो, राग मानू नका. सॉल्व्हंटचं दुखणं असेल तर काम सुटल्यावर पण ते काही आठवडे ते दोनतीन महिने वाढत राहतं, मग थांबतं आणि पुढं हळूहळू उतरतं, पूर्ण जाईलच असं नाही. तुमचं जर २०१९ पासून आजपर्यंत दरवर्षी वाढतच असेल, पायावरनं गुडघ्याकडं चाललं असेल, तर दुसरं काहीतरी आहे किंवा दुसरं पण आहे. त्यामुळं आधी बेळगावच्या माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला जा आणि शुगरची तीन महिन्याची टेस्ट, बी१२, थायरॉइड, किडनी एवढं करून घ्या. आपल्या भागात माळकरी घरं भरपूर, मांस-मटण नाही, दूध पण आता डेअरीला जातं, बी१२ कमी निघणं नवलाचं नाही आणि ते इंजेक्शननं भरून निघतं. टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या काय तेही डॉक्टरला सांगा, आयसोनियाझिडनं पण नसा धरतात. आणि कॅन्टीनचा दारूचा कोटा स्वतः संपवत होता की पाहुण्यांना देत होता हे पण खरं सांगा, डॉक्टरला हो, मला नको. बोर्डासमोर हीच कारणं येणार आहेत, तर ती आधीच तपासून बाजूला ठेवलेली बरी आणि एखादं सापडलं तर उपचार तरी सुरू होईल.

शुगर निघाली म्हणून क्लेम संपला असं पण नाही. शुगर नोकरीत असताना लागली असेल आणि नसा शुगरमुळं बिघडल्या असतील तर मग शुगर नोकरीच्या ताणानं वाढली का, हा प्रश्न येतो आणि त्यावर लढता येतं. फक्त तेव्हा थिनरचं रडगाणं गायचं नाही, एक धागा धरायचा आणि तोच शेवटपर्यंत ओढायचा.

कागदाकडं येतो. सगळ्यात आधी रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत काढा, एएफएमएसएफ-१६ म्हणतात ती. तुमच्याकडं नसेल तर सिकंदराबादच्या ईएमई रेकॉर्डला माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. त्यात नाना का लिहिलं याचं कारण दिलंय का ते बघा. नुसतं ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे मूळ प्रकृतीतलाच आजार, किंवा ‘नोकरीशी संबंध नाही’ एवढंच असेल तर ते कारण नव्हे, तो निकाल झाला. सुप्रीम कोर्टानं २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये हेच धरलं. त्यांना फिट येत होत्या, बोर्डानं नाना लिहिलं होतं. कोर्ट म्हणालं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नाही म्हणजे माणूस धडधाकट आत आला असं धरायचं, पुरावा द्यायचं ओझं जवानावर नाही, शंका असेल तर फायदा जवानाला आणि बोर्डानं उलटं म्हणायचं असेल तर कारण लिहायला पाहिजे.

पण ती केस आजार नोकरीमुळं की नाही ते ठरवायच्या १९८२ च्या नियमांवरची आहे आणि तुम्हाला २००८ चे लागतात, हे वकील लोक लवकर सांगत नाहीत. २००८ च्या नियमात असं घातलंय की भरतीची तपासणी वरवरची असते, आत दडलेला आजार तिच्यात सापडेलच असं नाही, सरकारी वकील हमखास हेच वाचून दाखवतो. पुरावा साधारणपणे अर्जदारानं द्यायचा नाही हे २००८ मध्ये पण कायम आहे, पण सुटून १५ वर्षं झाल्यावर क्लेम केला तर ओझं तुमच्या डोक्यावर येतं कारण तोवर सर्व्हिसचे कागद नष्ट केलेले असतात. तुमची १५ वर्षं २०३४ ला भरतात. म्हणून नुसत्या ‘धडधाकट आलो होतो’ यावर बसू नका, पेंट शॉपची सात वर्षं कागदावर आणा. पार्ट टू ऑर्डर आणि शीट रोल या सर्व्हिसच्या नोंदी, ट्रेडची नोंद, कॅटेगरीचे प्रत्येक बोर्ड, आणि तुमच्याबरोबर त्याच शेडमध्ये असलेल्या दोघांची अॅफिडेव्हिट, शेडला खिडक्या किती, स्प्रे आठवड्यातनं किती दिवस, मास्क मिळायचा की नाही, असलं बारीक बारीक त्यात यायला पाहिजे. “आम्ही खूप केमिकलमध्ये काम केलं” या वाक्याचा काडीचा उपयोग नाही.

पहिल्या अपिलाची मुदत रिजेक्शनच्या पत्रापासून सहा महिने, ती गेली. तरी उशिराचं कारण लिहून माफीच्या अर्जासकट अपील घाला, ते नाकारलं तर दुसरं अपील आणि मग आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. पेन्शन दर महिन्याची गोष्ट असल्यामुळं उशीर झाला म्हणून केस सरसकट फेकत नाहीत, पण तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालापासून एरियर्स म्हणजे मागची थकबाकी मात्र साधारणपणे केस घातल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणजे घरी बसून घालवलेलं प्रत्येक वर्ष तुमच्या खिशातनं गेलं.

आणि किती मिळेल हे तुम्ही विचारलं नाही पण वहिनी विचारतीलच. शंभर टक्क्याला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट. समजा शेवटचा हिशेबाचा पगार ४०,००० धरला तर शंभर टक्क्याचे १२,०००, तुमचे २० राउंड ऑफ होऊन ५० झाले तर महिना ६,००० आणि वर महागाई. पूर्ण टर्म करून सुटलेल्यांना पण हे राउंड ऑफ द्यायचं हे राम अवतार यांच्या केसमध्ये १० डिसेंबर २०१४ ला ठरलंय.

प्रश्न : मला बोर्डानं १५ टक्केच दिलंय, २० च्या खाली काहीच नाही म्हणतात, खरं काय? — हिंडलगा

उत्तर : पूर्ण टर्म करून सुटला असाल तर खरं. पण आजारामुळं मधेच बोर्ड आउट करून घरी पाठवलं असेल तर नाही, सुखविंदर सिंग यांच्या २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की नोकरीतनं काढण्याइतका आजार असेल तर तो २० च्या वरच धरायचा. तुम्ही कसे सुटलात तेच पत्रात लिहिलं नाही. डिस्चार्ज बुकात कारणाचा कॉलम आहे, तो बघून परत लिहा.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्यानं फॉरवर्ड पाठवलाय की अमेरिकेत विषारी केमिकलमध्ये गेलेल्या सगळ्या सैनिकांना नसांच्या आजाराची पेन्शन आपोआप मंजूर होते, नवीन कायदा आलाय. आपल्याकडं असं का नाही? मी १९९९ ला कारगिलला होतो. — निपाणी

उत्तर : फॉरवर्ड अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. कायदा आहे, पॅक्ट अॅक्ट, १० ऑगस्ट २०२२ ला सही झाली. पण त्यातली यादी मुख्यतः कॅन्सर आणि श्वासाच्या आजारांची, इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळायच्या खड्ड्यांचा धूर खाल्लेल्यांसाठी. नसांचं त्यात नाही.

नसांचं आहे ते जुनं, व्हिएतनामवाल्यांचं. १९६२ ते १९७१ अमेरिकन फौजेनं तिथं जंगल वाळवायला औषधं फवारली, एजंट ऑरेंज त्यातलंच, त्यात डायॉक्सिन हे विष होतं. तिथं गेलेल्या सैनिकाला मी फवारणीत सापडलो हे सिद्ध करायला लागत नाही, गेला म्हणजे सापडला असं धरतात. पण पेरिफेरल न्यूरोपथीला अट अशी की ती संपर्कानंतर एका वर्षाच्या आत कमीत कमी १० टक्के डिसॅबिलिटीइतकी दिसली पाहिजे. ज्याचे पाय तीस वर्षांनी जळायला लागले तो या दारातनं आत जात नाही. म्हणून तिकडचे जाणते लोक दुसऱ्या दारानं जातात, एजंट ऑरेंजच्या यादीत टाइप टू डायबेटिस आहे आणि त्याला वर्षाची अट नाही, तर आधी शुगर मंजूर करून घ्यायची आणि शुगरमुळं नसा गेल्या असा दुय्यम क्लेम लावायचा. वर कडोलीच्या नायकांना मी जे सांगितलं त्याचाच हा अमेरिकन भाऊ. नॉर्थ कॅरोलिनातल्या लेजून नावाच्या मरीन कॅम्पचं पाणी १९५३ ते १९८७ दूषित होतं, ग्रीस काढायची सॉल्व्हंटं पिण्याच्या पाण्यात उतरली होती, तिथल्या यादीत आठ आजार आहेत, पार्किन्सन आहे, पण हातापायाच्या नसांची न्यूरोपथी नाही.

म्हणजे तिकडं सरकार कारण गृहीत धरतं, पण यादीत नाव असेल आणि तारीख बसेल तरच. आपल्याकडं यादी नाही, तुम्ही धडधाकट आत गेला होता एवढं गृहीत धरतात, ते पण २००८ नंतर पातळ झालंय. मला विचाराल तर बटालियनच्या क्लार्कला आपली पद्धत जास्त सोयीची, कारण कुठलाही आजार त्यात बसवता येतो, आणि जवानाला ती जास्त त्रासाची, कारण प्रत्येकाला आपली लढाई पहिल्यापासून लढायला लागते. कारगिलला तुम्ही कशात होता ते लिहिलं नाही. नुसतं तिथं होतो यावर नसांचा क्लेम होणार नाही, थंडीनं पायाची बोटं धरली होती का, फ्रॉस्ट बाइटची नोंद एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, झाली होती का ते बघा, ते विष नव्हे पण त्यानं पण नसा जातात आणि त्याची नोंद असेल तर ती केमिकलपेक्षा पक्की. आणि हो, १५ वर्षांचं वर वाचलंत ना.

प्रश्न : माझे मिस्टर २०१२ ला पेन्शन आले. नंतर उद्यमबागला फौंड्रीत पेंटच्या कामावर आहेत, सुट्टीला शेतात उसाला औषध मारतात. गेल्या दोन वर्षांपासून हात बधिर, गरम तवा हातात धरला तरी चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतं. ते म्हणतात सगळं फौजेतलं आहे, क्लेम करूया. आणि लाज वाटते म्हणून डॉक्टरकडं येत नाहीत. — खानापूर तालुका

उत्तर : वहिनी, क्लेम राहू दे बाजूला, या आठवड्यात त्यांना डॉक्टरकडं न्या. चटका कळत नाही म्हटल्यावर डॉक्टर आधी अंगावर कुठं फिकट, बधिर चट्टा आहे का बघतील आणि कोपराच्या मागची नस बोटानं चाचपतील, जाड झालीय का म्हणून. कुष्ठरोग असू शकतो, असेलच असं नाही. असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभराचा कोर्स, पण नस गेल्यावर बोट परत येत नाही म्हणून घाई. लाज कसली त्यात, तुम्ही चट्टा बघून ठेवा आणि म्हणा फक्त शुगर तपासायला चाललोय.

मग क्लेमचं. फौज सोडून दहाबारा वर्षांनी त्रास सुरू झाला, मधे रोज पेंट आणि थिनर, वर उसाचं औषध. बोर्डाला हे कळायला पाच मिनिटं लागतात. लपवलं तर केस तर जातेच पण माणूस खोटा ठरतो. वर सांगितलेली पंधरा वर्षांची अट पण डोक्यावर आहे. त्यापेक्षा फौंड्रीचं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे का ते बघा. महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय लागू होतं, कामामुळं झालेला आजार म्हणून तिकडं मागता येतं. मालक म्हणेल तू फौजेतनंच घेऊन आलास, फौज म्हणणार मालकाकडनं. म्हणून एनसीव्ही करा आणि तिच्यावर तारीख घालून फाइलला लावा. औषध मारताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे, आणि बाटलीचं लेबल फेकू नका, डॉक्टरनं नाव विचारलं तर ‘निळी बाटली’ सांगून चालत नाही.

प्रश्न : एक जण गावात येऊन सांगतो, नानाची केस काढून देतो, एरियर्समधले निम्मे माझे. द्यावं काय? — येळ्ळूर

उत्तर : नाही. तीन वर्षांचे एरियर्स धरले तर निम्मे म्हणजे दीड वर्षाची पेन्शन त्याची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपील लिहायला मदत करतात, आणि नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना काढलीय, त्यात सैनिक बोर्डातच फुकट कायदेशीर मदतीची सोय धरलीय. कानडी फॉर्म पुढं केला तर घाबरू नका, ट्रायब्युनलचं काम इंग्रजीतच चालतं. आणि त्या माणसाला स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड दिला असाल तर आज, आत्ता बदला.

प्रश्न : माझं घर शिनोळीला, चंदगड तालुक्यात, शेत बेळगाव तालुक्यात, पेन्शन बेळगावच्या बँकेत आणि पोरं पण बेळगावलाच शिकतात. केस कुठं घालू, मुंबईला की कोचीला? — शिनोळी

उत्तर : तुम्ही राहता तिथल्या ट्रायब्युनलच्या बेंचला. महाराष्ट्र मुंबईकडं आणि कर्नाटक कोचीकडं, त्यामुळं तुम्ही मुंबई आणि तुमच्या बांधापलीकडचा शेतकरी गडी जर माजी सैनिक असेल तर तो कोची. शेत कुठंय आणि बँक कुठंय हे तिथं कुणी विचारत नाही. पण तुमच्या पत्रासोबत आलेल्या आधारच्या झेरॉक्सवर मला पत्ता बेळगावचा दिसला, बहुतेक पोरांच्या शाळेसाठी बदलला असणार. तो आधी काय ते एक करा, नाहीतर रजिस्ट्री कागद परत पाठवते आणि दोन महिने त्यातच जातात. आणि पुढच्या वेळी आधारची झेरॉक्स मासिकाला पाठवू नका, ती मी फाडून टाकलीय.